चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी

१९७१ च्या पावसाळ्यात पूर्व पाकिस्तानातून भारतात येणाऱ्या निर्वासितांची संख्या कोटीकडे सरकत होती. त्यांतले सुमारे साडेतीन लाख पश्चिम बंगालच्या सीमेवर, बनगावच्या आसपास, चिखलात आणि उघड्यावर पडले होते. तिथे पटकी पसरली. बनगावच्या रुग्णालयात या रोग्यांसाठी दोन खोल्या होत्या आणि सोळा खाटा. बाकीचे रोगी जमिनीवर, उलट्या-जुलाबांच्या थारोळ्यात. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे, आणि तेही काही तासांत. त्यावर मान्य असलेला इलाज एकच होता, शिरेतून सलाईन. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि शीर शोधून सुई लावू शकणारी माणसं बाटल्यांहून कमी होती. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातले डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत माणसं बसवली आणि पुड्या भरायला घेतल्या. लिटरभर पाण्यासाठी ग्लुकोज २२ ग्रॅम, साधं मीठ साडेतीन ग्रॅम, खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम. प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली. बनगावला पिंपात पाणी भरून त्यात या पुड्या विरघळवल्या, पिंपाला तोटी लावली आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितलं की पेले भरून पाजत राहा. आठ आठवड्यांत या केंद्रात सुमारे ३,७०० रोगी आले. त्यांतले ३.६ टक्के दगावले. आधी सलाईनच्या तुटवड्यात हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं.

ही हकिकत बहुधा एका औषधाच्या शोधाची म्हणून सांगितली जाते. पण औषध तर आधीच सापडलं होतं. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं की ग्लुकोज आणि क्षारांचं पाणी तोंडाने दिलं, तर सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी होते. पटकीचं विष आतड्याचं बरंच काही बिघडवतं, मात्र साखरेबरोबर मीठ आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषून घेण्याची आतड्याची वाट ते बंद करू शकत नाही, हे त्यामागचं शास्त्र. पण हा प्रयोग झाला होता रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, प्यायलेलं किती आणि बाहेर गेलेलं किती याची मापं घेत. बनगावात मोजमाप करायला कोणी नव्हतं. पेला होता आईच्या, भावाच्या, नवऱ्याच्या हातात, आणि त्यांतल्या अनेकांना अक्षरओळखही नव्हती. महालनबीस यांच्या कामातला खरा नवा भाग हाच. डॉक्टर आणि परिचारिकांशिवाय होणार नाही असं मानलं गेलेलं एक काम नातेवाइकाला जमतं, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. गरीब देशात आरोग्यसेवा कशी पोचवायची, या प्रश्नाकडे या प्रकरणात मी याच बाजूने पाहणार आहे. पैसा, डॉक्टर, खाटा, यंत्रं यांची टंचाई खरीच आहे. तरीही असलेल्या थोड्या साधनांतून काय निष्पन्न होतं, हे ठरतं ते दुसऱ्याच एका प्रश्नावर: कोणतं काम रोग्याच्या दारापर्यंत खाली उतरवता येतं, आणि ते करणाऱ्या माणसाच्या पाठीशी आपण काय उभं करतो. या प्रश्नाचा पूर्वार्ध सगळ्यांना आवडतो. उत्तरार्धाला पैसे पडतात, म्हणून तो टाळला जातो.

बनगावनंतर काय झालं ते पाहिलं की या उत्तरार्धाचं वजन कळतं. औषध सिद्ध झालं होतं, स्वस्त होतं, १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने आपल्या संपादकीयात त्याची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांमध्ये केली. आणि तरी जगभरात वर्षाला पन्नास लाखांच्या आसपास मुलं हगवणीने मरतच होती. स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात कारखान्यात बनवलेली पुडी खेड्यात पोचवायला ना रस्ते होते ना दुकानं. १९७२ मध्ये निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी फजले हसन अबेद यांनी सुरू केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० मध्ये ठरवलं की पुडीची वाट पाहायची नाही. मीठ आणि गूळ प्रत्येक घरात असतो. तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. बंगालीत ‘लोबोन-गुर’. हे देशातल्या घरोघरच्या आईला शिकवायचं. कुणी म्हणेल, मग रेडिओवरून सांगितलं की झालं. पण मीठ जास्त पडलं तर हेच पाणी बाळाला घातक ठरतं. आपल्या घरातल्या नेमक्या त्या तांब्यात अर्धा शेर पाणी कुठवर येतं, आपली चिमूट केवढी, हे प्रत्येकीला हातानेच कळायला हवं होतं. म्हणून तरुण स्त्रियांच्या तुकड्या गावोगाव पायी निघाल्या. नुसतं सांगून त्या पुढच्या घरी जात नसत, समोरच्या बाईकडून तिथल्या तिथे पाणी बनवून घेत. दहा वर्षांत त्या एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत जाऊन आल्या.

या कार्यक्रमाची सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे तो सुरुवातीला फसत होता, आणि ते त्यांनी मोजून ओळखलं. आयांना कृती बिनचूक पाठ होती, पण मुलाला जुलाब लागले की फारच थोड्या जणी ती वापरत होत्या. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःला किंवा घरच्यांना जुलाब झाले की त्याही गोळ्यांकडे वळत. तेव्हा त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी अंगात नेमकं काय करतं ते समजावलं. दुसरं कळलं ते असं की घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि मुलाला काय द्यायचं यात त्यांचा शब्द चालत होता. मग बाजारात, मशिदीत पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या. तिसरी गोष्ट मला या साऱ्यात अधिक मोलाची वाटते, ती मजुरीची. किती घरं केली यावर पैसे दिले तर घरं वाढतात, शिकवणं नव्हे, हे आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी उद्दिष्टपूर्तीच्या अहवालावरून सांगता येईल. ब्रॅकने काही आठवड्यांनी वेगळा तपासनीस पाठवायला सुरुवात केली. तो त्यांतली काही घरं आपल्या मनाने निवडायचा, आईला पाणी बनवायला लावायचा, नमुना तपासायला न्यायचा आणि तिला काय आठवतं ते विचारायचा. आईच्या गुणांवर कार्यकर्तीची कमाई ठरायची. शिकवणाऱ्याचा पगार शिकणाऱ्याच्या ध्यानात राहिलेल्या गोष्टींवर. आपल्या शाळा-महाविद्यालयांत हा नियम लावला तर काय होईल, याचा विचार वाचकाने फावल्या वेळी करून पाहावा.

हगवणीच्या मुलाला जलसंजीवनी, म्हणजे हेच मीठ-साखरेचं पाणी, मिळण्याचं प्रमाण बांगलादेशात गेल्या दशकातल्या पाहण्यांमध्ये तीन-चतुर्थांशाच्या आसपास दिसतं. भारताशी तुलना करा. जलसंजीवनीचा प्रत्यक्ष वापर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भारताच्या भूमीवर झाला, करणारा डॉक्टर भारतीय, पुड्या कलकत्त्यात भरलेल्या. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये हगवण झालेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांना जलसंजीवनी मिळाली होती, २०१५-१६ मध्ये ५१ टक्क्यांना आणि २०१९-२१ मध्ये ६१ टक्क्यांना. १९८० साली बांगलादेश आपल्याहून श्रीमंत नव्हता. तिथल्या बायका आपल्याकडच्यांपेक्षा जास्त शिकलेल्या नव्हत्या, डॉक्टर तर आपल्याहूनही कमी होते. अमेरिकी सरकारच्या बैठकीत तर या देशाच्या जन्माआधीच त्याची संभावना कायमचा भिक्षेकरी अशी झालेली होती. साधनांची टंचाई हेच सगळ्याचं कारण असतं तर हे आकडे उलटे असायला हवे होते. हगवणीचे मृत्यू घटण्याचं श्रेय एकट्या या पाण्याला नाही. स्वच्छ पाणी, गोवराची लस, पोषण यांचाही त्यात वाटा आहे. पण इथे आपण मृत्यूंबद्दल बोलत नसून एक साधं औषध घरात पोचलं की नाही एवढंच पाहतो आहोत, आणि त्याचं उत्तर स्वच्छ आहे.

टंचाई म्हणजे वस्तूंची टंचाई, ही समजूत मात्र फार चिवट आहे. वस्तू देता येते, तिचा फोटो निघतो, तिच्यावर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं. गरीब देशांतल्या रुग्णालयांतल्या यंत्रांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ४० टक्के यंत्रं बंद पडलेली आढळली. यंत्र दुरुस्त करणारा माणूस, सुटे भाग, सलग वीज, वापरायला शिकलेली नर्स यांपैकी काहीतरी नसतं. खाटा वाढवल्या की आरोग्य वाढलं असं मानणारे अर्थसंकल्प याच समजुतीतून लिहिले जातात. यंत्र हे साधन तेव्हाच ठरतं, जेव्हा ते चालवणारा हात आणि तो हात चुकला तर पाहणारा डोळा जवळ असतो.

महाराष्ट्रात याचं उत्तम उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे पाहिलं की बालमृत्यूंतले बरेचसे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात होतात. बाळंतपणं घरी, बाळ आणि आई कोपऱ्यातल्या खोलीत, आणि आजारी नवजाताला रुग्णालयात न्यायला घरचे तयार नसत. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग म्हणजे रुग्णालय, हे तेव्हाच्या बालरोगशास्त्राचं ठाम मत होतं. सर्चने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळ गुदमरलं तर श्वास देत, वजन करत, ऊब राखायला शिकवत, महिनाभर पुन्हा पुन्हा घरी जात, आणि ठरावीक लक्षणं दिसली की जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू होती, ती तुलनेसाठी. आधी हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५ वर आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता घट ६२ टक्के. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. दर बाळामागे खर्च होता ५.३ डॉलर. त्याआधी न्यूमोनियासाठी याच मंडळींनी निरक्षर सुइणींसाठी श्वासमापक केला होता: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी आला तर बाळाला न्यूमोनिया आहे. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या बाईला निदान करता येतं, कारण मोजण्याचं काम मण्यांनी घेतलं. काम खाली उतरवणं म्हणजे ते ढिलं करणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे मणी पाहावेत. डॉक्टरच्या डोक्यातला अंदाज काढून टाकून त्या जागी नियम बसवावा लागतो, आणि तो नियम तयार करायला डॉक्टरचंच सर्वोत्तम डोकं लागतं.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. ही गरिबांसाठी दुय्यम दर्जाची सेवा नाही का? शहरातल्या बाळाला बालरोगतज्ज्ञ आणि गडचिरोलीतल्या बाळाला सातवी पास बाई? आक्षेप घेणारे बहुधा शहरातले डॉक्टर असतात म्हणून तो उडवून लावायचं कारण नाही. समतेच्या बाजूने घेतलेला तो रास्त आक्षेप आहे. त्याचं उत्तर पुराव्यानेच द्यायला हवं, आणि सर्वांत कठीण परीक्षेचा पुरावा मोझांबिकचा आहे. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले, मागोमाग यादवी युद्ध सुरू झालं. १९८४ पासून सरकारने डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षांचं प्रशिक्षण देऊन शस्त्रक्रिया तंत्रज्ञ म्हणून तयार करायला घेतलं. पोट उघडून सिझेरियन करायचं, तेही डॉक्टरशिवाय. पुढे दोन हजारांहून अधिक सिझेरियनची तुलना झाली, तेव्हा हे तंत्रज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्या निष्पत्तीत लक्षणीय फरक दिसला नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण जिल्हा रुग्णालयांतल्या मोठ्या प्रसूती-शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के याच मंडळींनी केलेल्या होत्या. त्याच काळातली दुसरी नोंद मला शस्त्रक्रियांच्या आकड्यांहून बोलकी वाटते. जिल्हा रुग्णालयांत नेमलेले किती जण सात वर्षांनी तिथेच आहेत, हे पाहिलं. तंत्रज्ञ जवळजवळ ९० टक्के होते. डॉक्टर एकही नव्हता. आपल्याकडे बंधपत्र भरून, दंडाची भीती घालून डॉक्टरांना आदिवासी तालुक्यात धाडण्याचे जे प्रयोग वर्षानुवर्षं चालतात, त्यांच्यासमोर हा आकडा ठेवून पाहावा. गडचिरोलीतल्या बाळाची निवड बालरोगतज्ज्ञ आणि आरोग्यदूत यांच्यात कधीच नव्हती. ती होती आरोग्यदूत आणि मांत्रिक यांच्यात, किंवा आरोग्यदूत आणि कोणीच नाही यांच्यात.

पण हे उत्तर इथेच थांबवलं तर ते धोक्याचं होतं, कारण ‘कोणीच नाहीपेक्षा बरं’ हा युक्तिवाद कुठल्याही हलाखीचं समर्थन करू शकतो. एचआयव्हीच्या बाबतीत नेमकं तेच घडलं. १९९६ नंतर श्रीमंत देशांत या रोगावरची तीन औषधांची एकत्र मात्रा आली. वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर. आफ्रिकेसाठी प्रतिबंधच परवडतो, उपचार नाही, असं शहाणी माणसं गंभीरपणे म्हणत होती, आणि त्यांचा हिशेब त्या किमतीला बरोबरही होता. आफ्रिकेतल्या रोग्यांना वेळेवर गोळ्या घेणं जमणार नाही, असंही अमेरिकेतल्या मदत खात्याच्या प्रमुखाने २००१ मध्ये सुचवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच मात्रा वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. हैतीच्या डोंगराळ भागात पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच पगारी सोबत्यांकडून रोज घरी गोळ्या पोचवून दाखवल्या. आणि २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा गोळ्या नियमित घेणारे रोगी उत्तर अमेरिकेत ५५ टक्के, तर सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ७७ टक्के निघाले. म्हणजे टंचाईचा काही भाग निसर्गाचा असतो आणि काही भाग किमतीचा, पेटंटचा, पूर्वग्रहाचा. आहे त्यात भागवण्याची कला शिकताना ‘आहे ते’ इतकंच का आहे, हे विचारणं सोडलं तर त्या कलेचा दुष्काळाशी करार होतो. जे काम खाली उतरवता येतं ते उतरवावं, आणि जे उतरवता येत नाही ते वरून खाली आणावं. दोन्ही एकाच वेळी.

दुसरा आक्षेप अनुभवी प्रशासकांचा असतो. गडचिरोली, जामखेड ही ध्येयवेड्या माणसांची बेटं आहेत. १९७० पासून जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी निरक्षर, अनेकदा दलित बायकांकडून जे करवून घेतलं त्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्येच घेतली. मग देशभर तसं का झालं नाही? प्रश्न बिनतोड वाटतो, पण देशभर करून पाहिलं होतं, आणि काय चुकलं याची नोंदही आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने दर हजार वस्तीमागे एक ग्रामस्थ आरोग्यसेवक ही योजना सुरू केली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन, सोबत औषधांची पेटी. निवडलेले बहुसंख्य पुरुष होते, त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीचं दार त्यांना बंद. ५० रुपयांत ते दुसरा धंदा करणार हे उघड होतं, आणि पेटी हातात असल्यावर तो धंदा अनेकदा डॉक्टरकीचाच असायचा. पेटी पुन्हा भरली जाईना. देखरेख प्राथमिक आरोग्य केंद्राकडे होती, म्हणजे कोणाकडेच नव्हती. योजनेची नावं बदलत गेली आणि पुढे केंद्राचा पैसाही थांबला. जामखेडहून घेतलं काय, तर गावातला माणूस. सोडलं काय, तर तो माणूस बाई असणं, दर आठवड्याला तिला पुन्हा शिकवणं, आणि तिने पाठवलेला रोगी परत न पाठवणारं रुग्णालय. बेटावरून रोप आणलं, माती तिथेच राहिली.

चीनच्या अनवाणी डॉक्टरांची गोष्ट याला दुसऱ्या बाजूने दुजोरा देते. दहा लाखांहून जास्त शेतकरी-वैद्य तिथे काम करत होते आणि जगभर त्यांचं कौतुक व्हायचं, बहुधा त्यांच्या सेवाभावाचं. त्यांची मजुरी शेतीच्या सामुदायिक हिशेबातून, श्रमगुणांच्या रूपाने, मिळत होती. १९८० च्या आसपास सामुदायिक शेती मोडली, हिशेबाची वही बंद झाली, आणि काही वर्षांत ही व्यवस्थाही आटोपली. सेवाभाव एका हंगामात आटला असं कोणी म्हणणार नाही. उलट इथिओपियाने २००३ मध्ये आरोग्य विस्तार कार्यक्रम सुरू करताना दहावी झालेल्या मुलींना वर्षभर शिकवून दर गावगटामागे दोघींना सरकारी नोकरीत, पगारावर घेतलं. काही वर्षांत त्यांची संख्या तीस हजारांच्या पुढे गेली. तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर १९९० मध्ये हजारी २०० च्या आसपास होता, तो २०१२ पर्यंत ७० च्या खाली आला. इतर कारणंही होती, शेती सुधारली, परदेशी मदत आली. पण जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एकाने तीस हजार बायकांना पगार देण्याचा निर्णय घेतला आणि तो पेलला, हे नजरेआड करता येत नाही. परवडत नाही हे उत्तर देताना कोण कुणाला ते देतो आहे, हे पाहिलेलं बरं.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. काही संकटं दारात सुटत नाहीत. अडलेलं बाळंतपण, प्रसूतीनंतर न थांबणारा रक्तस्राव, फाटलेलं आतडं, यांना शस्त्रक्रियागृह, रक्त आणि भूल लागते. अनेक देशांनी दोन-तीन दशकं गावच्या सुइणींना प्रशिक्षण आणि स्वच्छ पात्याची पाकिटं दिली. धनुर्वात घटायला मदत झाली, पण मातामृत्यूंचा आकडा त्या मानाने हलला नाही, कारण रक्त वाहणाऱ्या बाईला सुईण ओळखू शकत होती, वाचवू शकत नव्हती. हे माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही, त्याची मर्यादा आखून देतं. खालच्या माणसाला काम सोपवताना वरचा माणूस मोकळा होत नसतो. त्याच्याकडे आता नेमके तेच रोगी यायला हवेत, जे फक्त तोच बरे करू शकतो. मोझांबिकच्या तंत्रज्ञाने सिझेरियन केलं ते रुग्णालयात, झाडाखाली नव्हे. ब्रिटनमधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त हवी तिथेच ती सर्वांत कमी मिळते, आणि बाजारावर सोडलं तर हे आणखी तीव्र होतं. त्यांचा अनुभव वेल्समधल्या खाणकामगारांच्या खेड्यातला होता, पण गडचिरोलीतलं भामरागड आणि मुंबई यांच्यातली डॉक्टरांची वाटणी त्याहून वेगळी काही सांगत नाही.

मग राहतो तो पैशाचा मुद्दा, आणि इथे भारताने केलेली निवड लक्षात घेण्यासारखी आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ही गावातली आरोग्य कार्यकर्ती आली. या वेळी बाई निवडली, गावची सून निवडली, सत्याहत्तरचे काही धडे गिरवलेले दिसतात. २०११ पासून गडचिरोलीचं घरगुती नवजात-सेवेचं प्रारूप देशभर आशांकडे सोपवलं गेलं: रुग्णालयात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. पण गडचिरोलीत मृत्यू रोखणाऱ्या गोष्टींपैकी एक, इंजेक्शन, त्यात नव्हतं. २०१४ मध्ये जेंटामायसिन द्यायची परवानगी मिळाली ती नर्सबाईला, जिच्याकडे अनेक गावं असतात. भेटी मात्र पूर्ण करायच्या, त्यांचा तक्ता भरायचा, आणि सगळ्या भेटी झाल्या की बाळामागे २५० रुपये. ब्रॅकने पैसे जोडले होते आईच्या ध्यानात राहिलेल्या गोष्टींशी. आपण जोडले तक्त्याशी. एकेका कामाला एकेक दर लावला की दर असलेली कामं होतात आणि दर नसलेली, म्हणजे कोपऱ्यात बसून सासूची समजूत काढण्यासारखी, मागे पडतात. यात आशाचा दोष शोधणं हा अन्याय आहे. दर तिने ठरवलेले नाहीत.

पगार दिला तर सेवाभाव जातो, हे वाक्य या विषयावरच्या चर्चेत हमखास येतं. ते म्हणणारे बहुधा पगारदार असतात. जामखेड-गडचिरोलीपासून हैती-इथिओपियापर्यंत जिथे जिथे ही व्यवस्था टिकली तिथे त्या बाईला काही ना काही स्वरूपात नियमित कमाई, नियमित शिक्षण, न संपणारी औषधं आणि वर दार उघडणारं रुग्णालय मिळालं. यांतलं एक जरी काढलं तरी उरलेली तीन फार दिवस तग धरत नाहीत. सत्याहत्तरची योजना पाहिली की त्याची खात्री पटते.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांना आपला जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार दिला. करोनाच्या साथीत दारोदार फिरून केलेलं काम त्यात आवर्जून नोंदवलेलं होतं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या आणि मुंबईत आझाद मैदानावर बसल्या. सरकारी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख आजही कर्मचारी असा होत नाही. तिथे त्या स्वयंसेविका आहेत.